पाव कुठून आला, हे पायाला विचारू नका

वडापाव किंवा पावभाजीचा विषय निघाला की दोन ‘माहितीपूर्ण’ संदेश हमखास फिरू लागतात. पहिला सांगतो की पूर्वी याचे पीठ पायांनी मळत, म्हणून पाव. दुसरा सांगतो की मोठ्या रोटीचे चार भाग करून एकेक विकत, चौथा हिस्सा म्हणजे पाव, म्हणून पाव. दोन्ही ऐकताक्षणी पटतात, पुढे ढकलायला सोपे असतात आणि दोन्ही चूक आहेत.

मराठीत ‘पाव’ हे रूप एक असले तरी शब्द एक नाही, निदान तीन आहेत. ‘पाव किलो शेंगदाणे’ यातला पाव संस्कृत ‘पाद’मधून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय हा चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांशही. दोन स्वरांमध्ये सापडलेला द प्राकृतात गळाला आणि मोकळ्या पडलेल्या स्वरांमध्ये कुठे य शिरला, कुठे व. य शिरला तिथे पाय झाला, व शिरला तिथे पाव. पाऊण (पाद + ऊन, म्हणजे चतुर्थांशाने उणे), सव्वा (स + पाद), पावशेर आणि चार आण्यांची पावली ही सगळी याच घरची मंडळी. ‘देवा, आता तरी पाव’ यातला पाव मात्र ‘प्र + आप्’ या धातूतला. तिथे दोन स्वरांमधल्या प चा व झाला आहे, जसा तो कपाटचे कवाड, दीपचा दिवा आणि नापितचा न्हावी होताना झाला. पैसे पावल्याची खूण ती पावती, तीही इथलीच. आणि बेकरीतला पाव? तो पोर्तुगीज. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे रोटी. तिचे पोर्तुगीज रूप नाकातून उच्चारले जाणारे ‘पांव’. ‘पावणेतीनला देव पावला आणि पाव किलो पाव मिळाला’ या वाक्यात चार वेळा पाव आहे, आणि त्यांची कुळे तीन आहेत.

हे तिसरे कूळ कशावरून? एकट्या पावावरून ते सिद्ध होत नाही. पोर्तुगीजमध्ये असा नाकातला ‘आंव’ शेवटी असलेले शब्द पुष्कळ आहेत आणि ते आपल्याकडे आले तेव्हा त्यांचे काय झाले हे पाहता येते. पोर्तुगीज ‘लैलांव’ म्हणजे जाहीर विक्री, तिचा मराठीत लिलाव झाला. गोव्यात ‘जुआंव’ नावाचा माणूस जुवांव झाला आणि ‘सेबास्तिआंव’ बस्त्यांव झाला. म्हणजे पोर्तुगीज ‘आंव’ला कोकणी-मराठीत ‘आंव’ किंवा ‘आव’ हे उत्तर ठरलेले आहे, आणि पाव त्या रांगेत बिनतक्रार बसतो. दुसरा पुरावा आणखी लांबचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५४३ मध्ये ते जपानच्या किनाऱ्याला लागले. जपानी भाषेत भट्टीतल्या रोटीला आजही ‘पान’ म्हणतात. जपानीने अनुनासिक ठेवून शेपूट टाकले. मराठीने शेपूट ठेवून अनुनासिक टाकले. जपानात पायाला ‘पाँव’ म्हणत नाहीत आणि चतुर्थांशाला ‘पाव’ म्हणत नाहीत. पदार्थ तोच, आणणारे तेच, नाव तेच. पायाने मळण्याची कथा इथेच संपते. शिवाय ‘पाँव’ हा हिंदी शब्द. हा पदार्थ गोवा-कोकणच्या किनाऱ्यावरून वर आला, तिथल्या माणसाच्या तोंडी पायाला पाय असताना त्याने रोटीचे नाव ठेवायला हिंदी कशाला उसनी घेतली असती? एखाद्या भट्टीत खरोखर पायाने पीठ तुडवले जात असेलही, पण पदार्थ कसा करतात यावरून त्याचे नाव कशावरून पडले हे ठरत नाही.

आता चीनकडे पाहा. तिथे सारण भरून उकडलेल्या गोळ्याला ‘बाओ’ म्हणतात, आणि त्यातला पहिला वर्ण आपल्या कानाला प आणि ब यांच्या मधला ऐकू येतो. जपानी ‘पान’पेक्षा तो आपल्या पावाच्या कितीतरी जवळचा वाटतो. पण चिनी बाओ म्हणजे मुळात ‘गुंडाळणे’, आणि त्याचा लॅटिन पानिसशी काडीचा संबंध नाही. जो जवळचा वाटतो तो परका आणि जो लांबचा वाटतो तो सख्खा, असा हा प्रकार आहे.

व्युत्पत्ती म्हणजे विरंगुळा, चुकली तर कोणाचे काय बिघडते, असे अनेकांना वाटते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. शब्दांच्या मुळांवरून आपल्याकडे गुण दिले जातात, गावांची नावे बदलली जातात, शब्द हद्दपार केले जातात आणि कोणती भाषा कोणाची आई हे भांडण लावले जाते. अशा सार्वजनिक कामासाठी शब्दाचे मूळ सांगायचे असेल तर ‘ऐकायला सारखे लागते’ हा पुरावा चालता कामा नये. तीन गोष्टी मागाव्यात : शब्द पहिल्यांदा केव्हा लिहिलेला सापडतो, मधल्या पायऱ्या कोणत्या आणि त्याच पायऱ्या दुसऱ्या शब्दांनीही चढल्या आहेत का, आणि शब्द एका ठिकाणाहून दुसरीकडे कोणाबरोबर गेला. तिन्हींना उत्तर नसेल तर ‘मूळ अनिश्चित’ असे लिहावे, आणि तसे लिहिण्यात कमीपणा मानू नये.

ध्वनिसाम्यावर एवढा अविश्वास का? कारण योगायोग आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार स्वस्त असतो. साधा हिशेब करू. प-फ-ब-भ एक गट, त-थ-द-ध एक गट, अशी सगळी व्यंजने दहा ढोबळ गटांत बसवली आणि स्वरांकडे दुर्लक्ष केले, तर दोन व्यंजनांच्या शब्दाचे १० × १० = १०० सांगाडे होतात. आता दोन अगदी परक्या भाषांतले असे १,००० शब्द अर्थ जुळवून समोरासमोर ठेवा. दर शंभरात एक, या दराने दहा जोड्या निव्वळ योगायोगाने जुळतील. हौशी संशोधक मात्र अर्थाबाबतही सढळ असतो. ‘पाय’ नाही जुळला तर ‘चालणे’, ते नाही तर ‘तळ’, ‘उभे राहणे’, ‘वाट’. प्रत्येक शब्दाला असे पाच अर्थ चालवून घेतले की जोड्या पन्नासच्या घरात जातात. आणि जगात भाषा सुमारे सात हजार! पन्नास शब्दांची यादी दाखवून ‘हा योगायोग कसा असेल?’ असे कोणी विचारले, तर उत्तर एवढेच की योगायोग नेमका एवढाच असतो.

याचे गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातले. उत्तर क्वीन्सलंडमधल्या म्बाबाराम या भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणतात. उच्चार जवळपास इंग्रजीसारखाच. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तो नोंदवला तेव्हा कोणालाही हा इंग्रजीतून उसना आलेला शब्दच वाटावा. पण शेजारच्या यिदिञ भाषेत कुत्र्याला ‘गुडगा’ म्हणतात, आणि म्बाबाराममध्ये शब्दाचा आरंभ झिजून जाण्याची रीतच आहे. आरंभीचे व्यंजन गेले, पाठोपाठ स्वर गेला, शेवटचा स्वर गेला, आणि मूळचा शब्द ग ने सुरू होत असेल तर पुढच्या (इथे ड मधल्या) अ चा ओ झाला. गुडगापासून डॉगपर्यंतचा हा प्रवास त्या भाषेतल्या इतर शब्दांनीही केलेला आहे. इंग्रजी डॉग वेगळ्या वाटेने, जुन्या इंग्रजीतल्या ‘डॉग्गा’वरून आला. (गुडगा वाचून कोणाला गुडघा आठवला असेल, तर तोही योगायोगच.) फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’, दोन्हींचा अर्थ वाईट, याचीही तीच गत. फारसी बद हा जुन्या ‘वद’पासून झालेला आहे, म्हणजे मागे जाऊ तसे साम्य वाढण्याऐवजी कमी होते. खऱ्या नात्यात उलटे घडते. मागे जाल तसे शब्द जवळ येतात.

जपानी ‘नामाए’ म्हणजे नाव, आणि संस्कृत ‘नाम’. हा तर आपल्याकडचा लाडका पुरावा. जपानी शब्दाची फोड ‘ना’ (नाव) आणि ‘माए’ (समोर) अशी आहे. म हा त्यातल्या दुसऱ्या तुकड्याचा आहे, पहिल्याचा नाही. फोड चुकीच्या जागी केली की कुठलाही शब्द कुठेही जोडता येतो. जपानी ‘आरिगातो’ पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला, हेही असेच फिरते. दोन्हींचा अर्थ आभार, आणि पोर्तुगीज जपानात गेले होते हे तर खरेच. इथे वाट जुळते, अर्थ जुळतो, आवाजही जुळतो. पडते ते फक्त तारखेत : आरिगातोचे मूळ रूप पोर्तुगीज पोचण्याच्या कित्येक शतके आधीच्या जपानी साहित्यात आहे. म्हणून तीनही कसोट्या लागतात, एकीने भागत नाही.

एकाच भाषाकुळातसुद्धा फसगत होते. लॅटिन ‘देउस’ आणि ग्रीक ‘थेऑस’, दोन्हींचा अर्थ देव. संस्कृत ‘देव’ आणि लॅटिन देउस ही सख्खी भावंडे आहेत. ग्रीक थेऑस त्या घरातला नाही. कारण नियम आडवा येतो. संस्कृत द ला ग्रीकमध्येही दच असतो : दश, देका, द्वि, दुओ. ग्रीक थ ला संस्कृतमध्ये ध आणि लॅटिनमध्ये आरंभी फ लागतो : धूम, थूमॉस, फूमुस. त्यामुळे थेऑसचा लॅटिन भाऊ फ ने सुरू व्हायला हवा, द ने नव्हे. देव आणि द्यौः (आकाश) यांच्या घराण्याला ग्रीकमधला जो नातलग आहे तो म्हणजे झ्यूस, आणि तो कानाला काही तसा वाटत नाही.

आता घरातलेच एक उदाहरण जरा जवळून पाहू. मराठी ‘सून’ आणि इंग्रजी ‘सन’. एक मुलाची बायको, दुसरा मुलगा. घर तेच, पिढी तीच, आवाज जवळजवळ तोच. शिवाय संस्कृतात ‘सूनु’ म्हणजे मुलगा हा शब्द आहेच. तेव्हा सूनु, सन, सून अशी साखळी कोणीही जोडील. त्यातला पहिला दुवा अगदी बरोबर आहे. सूनु आणि सन एकाच मुळाचे. पण सून त्या मुळाची नाही. ती ‘स्नुषा’पासून आली. पाहा कशी : संस्कृतातला ‘ष्ण’ प्राकृतात ‘ण्ह’ होतो आणि मराठीत शेवटी न उरतो. उष्ण, उण्ह, ऊन. स्नुषामध्ये न आणि ष दूर दूर आहेत, ते जवळ येऊन प्राकृतात ‘सुण्हा’ हे रूप होते, आणि पुढे उण्हचे ऊन झाले तशी सुण्हाची सून. या स्नुषेचे युरोपातले नातलग शोधायचे तर लॅटिन ‘नुरुस’ आणि रशियन ‘स्नोखा’ सापडतात, दोन्हींचा अर्थ सून. इंग्रजी सन सोडावा लागतो, पण हाती काय लागले पाहा : अर्थात तसूभरही फरक नसलेले दोन खरे सोयरे.

मराठीपुरते बोलायचे तर नियम पाहायला ग्रीक-लॅटिनची गरजही नाही. संस्कृत क्ष चे हिंदीत बहुधा ख होते आणि मराठीत स किंवा श : क्षेत्र, खेत, शेत; मक्षिका, मक्खी, माशी; इक्षु, ईख, ऊस; कुक्षि, कोख, कूस. हा तक्ता शाळकरी मुलांना पंधरा मिनिटांत समजतो. यातून पुढे प्रश्न विचारता येतात, म्हणजे मराठीत ख असलेला एखादा क्ष-शब्द दिसला तर तो शेजारून आला की काय. व्याकरणाच्या तासाला तत्सम-तद्भवाच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा हा खेळ कितीतरी उपयोगाचा.

घरगुती नात्यांच्या शब्दांना मात्र मी पुराव्यातून बहुतेक वेळा बाद करीन. आई-बापाला हाक मारण्याचे शब्द जगभर म, प, ब, त, न या वर्णांभोवतीच फिरतात, कारण तान्ह्या मुलाला ओठ मिटून-उघडून किंवा जीभ दातांमागे टेकवून तेवढेच आवाज आधी जमतात. बाळ बडबडते आणि समोरचे मोठे माणूस ती हाक स्वतःला लावून घेते. भाषाशास्त्रज्ञ रोमान जाकोब्सन यांनी यावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. कोण लावून घेतो हे मात्र ठिकठिकाणी बदलते. मराठीत ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ, चिनीत आई. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि आईला म्हणतात ‘देदा’! तुर्कीतला ‘देदे’ आजोबा. कोरियन मुले ‘अप्पा’, ‘ऑम्मा’ म्हणतात, तमिळ मुले ‘अप्पा’, ‘अम्मा’. एवढ्यावर कोरियन आणि तमिळ एक ठरवणारे लोक आहेत. तसे ठरवायचे तर जॉर्जियन बापाला आपला मामा ठरवावे लागेल.

मात्र याच मामाच्या बाबतीत एक पुरावा खरोखर बोलका आहे, आणि तो आवाजात नसून अर्थात आहे. दक्षिणेतल्या भाषांमध्ये मामा हा आईचा भाऊ आणि सासराही असतो, कारण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल. मराठीत सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्याची रीत आहे. उत्तरेकडे ही सोयरीक निषिद्ध मानली जाते, तिथे मामा सासरा होत नाही. म्हणजे ‘मा-मा’ हा आवाज काहीच सिद्ध करत नाही, पण एका शब्दात दोन नाती एकत्र नांदतात ही गोष्ट मराठीचा दक्षिणेशी असलेला जुना घरोबा दाखवते. तूप आणि कानडी ‘तुप्प’, अण्णा, अक्का, आणि कानडी ‘अडके’ म्हणजे सुपारी हे पोटात घेऊन आलेला अडकित्ता, हे त्याच घरोब्याचे साक्षीदार.

दुसऱ्या टोकाला असे सोयरे आहेत ज्यांना ओळखताच येत नाही. शाळेचे दप्तर आणि घशाचा डिप्थेरिया (आपला घटसर्प) यांचे मूळ एक आहे, असे कोणी सहज म्हटले तर हसूच येईल. ग्रीक ‘डिप्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. कातड्यावर लिहीत, म्हणून तो शब्द इराणात लिखित नोंदींना लागला, ‘दफ्तर’ झाला, आणि फारसीतून मराठीत आला. आधी सरकारी कागदांना, मग कागद बांधायच्या रुमालाला आणि शेवटी मुलांच्या पाठीवरच्या पिशवीला. त्याच ग्रीक शब्दावरून ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टराने १८२६ मध्ये रोगाला नाव दिले, कारण त्यात घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो. अर्मेनियनमध्ये दोनला ‘एर्कू’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘द्वि’चा सख्खा भाऊ आहे, शब्दारंभीचा ‘द्व’ तिथे ‘एर्क’ होतो आणि हे एकाच शब्दात घडलेले नाही. कानावर भरवसा ठेवला असता तर ही नाती कधीच कळली नसती.

सार्वजनिक नुकसान दोन्हीकडच्या अतिरेकाने होते. एका बाजूला ‘ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय’, ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ म्हणणारे. ऑस्ट्रेलिया हे लॅटिन ‘आउस्ट्रालिस’ म्हणजे दक्षिणेकडचा यावरून युरोपीयांनी ठेवलेले नाव. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांशीही त्याचा संबंध नाही, मग संस्कृतशी कुठून असणार? दुसऱ्या बाजूला ‘हा फारसी, हाकला’ म्हणणारे. त्यांना बहुधा ठाऊक नसते की फारसी ही संस्कृतची बहीण आहे. सिंधु-हिंदू, सप्त-हफ्त, मास-माह, अशी स ला ह देणारी रांगच आहे. ‘हप्ता’ परका म्हणून काढायचा आणि ‘सप्ताह’ आणायचा, तर चुलत बहिणीला घराबाहेर काढून सख्खीला बोलावल्यासारखे आहे. हप्ता उसना आहे हे खरे. पण उसना असणे आणि अनोळखी असणे यांत फरक आहे, आणि काढून टाकण्यासाठी यांपैकी कुठलेच कारण मला पुरेसे वाटत नाही.

गावांच्या नावांचा मामला तर आणखी नाजूक. ‘बॉम्बे’ हे पोर्तुगीज ‘बोम बाईया’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून आले असे अजूनही छापले जाते. पोर्तुगीजमध्ये ‘बाईया’ स्त्रीलिंगी आहे. पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाईया’ म्हणेल, ‘बोम’ म्हणणार नाही. लिंगाची चूक दाखवणारा हा एवढासा मुद्दा त्या कथेला पुरतो. पण जुना लेख सापडला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. पुण्याचा उल्लेख राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ असा आणि ७६८ च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’ असा येतो. अवघ्या दहा वर्षांत दोन रूपे. ताम्रपट लिहिणारा संस्कृतज्ञ असे आणि लोकांच्या तोंडचे नाव तो आपल्या समजुतीप्रमाणे संस्कृतात बसवी. तेव्हा तेराशे वर्षांपूर्वीची नोंदसुद्धा लोकव्युत्पत्तीच, म्हणजे ऐकीव साम्यावरून बसवलेले मूळ, असू शकते. तिच्यामुळे नाव निदान तेव्हा होते हे ठरते, अर्थ ठरत नाही.

‘ही सगळी पाश्चात्त्यांची पद्धत, आमची परंपरा वेगळी’ असा आक्षेप येतो, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे, कारण परंपरा खरोखर वेगळे सांगते. यास्काचार्य निरुक्तात म्हणतात की अर्थ धरून परीक्षा करावी. काही साम्य सापडले नाही तर एखाद्या अक्षराच्या, वर्णाच्या साम्यावरूनही निर्वचन करावे, म्हणजे शब्दाची फोड करून अर्थ सांगावा. ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’, निर्वचन न करता मात्र राहू नये. वेदमंत्रांचा अर्थ उलगडणे हे यास्कांचे काम होते, शब्दाचा इतिहास लिहिणे नव्हे. त्या कामाला ही सूट चालते. इतिहासाला चालत नाही. आणि परंपरेत एकच आवाज कधीच नव्हता. सगळी नामे धातूंपासूनच झाली या मताला गार्ग्य आणि काही वैयाकरण यांचा विरोध होता, हे यास्कांनीच नोंदवले आहे. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी तर संस्कृतातून साधता न येणाऱ्या शब्दांचा स्वतंत्र कोशच केला, ‘देशीनाममाला’. ‘याचे मूळ संस्कृतात मिळत नाही’ हे मान्य करून शब्द सन्मानाने नोंदवणारा हा आपलाच माणूस.

मग करायचे काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पाली आणि प्राकृत यांच्यासह. त्या निमित्ताने होणाऱ्या खर्चातला एक हिस्सा तारीखवार दाखले देणाऱ्या मराठी कोशाला जावा, असे माझे मत आहे. मोल्सवर्थ, दाते-कर्वे यांच्या कोशांनी अर्थाचे काम थोर केले. कृ. पां. कुलकर्णी यांनी व्युत्पत्तिकोश केला आणि जुन्या मराठीचा कोश तुळपुळे व फेल्डहाउस यांनी. पण ‘हा शब्द या अर्थाने पहिल्यांदा अमुक साली अमुक कागदात’ हे सलगपणे, शिलालेखांपासून बखरी, मोडी कागद आणि वर्तमानपत्रांपर्यंत सांगणारी सोय अजून नाही. यावर कोणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत कोशाकडे बोट दाखवील. तो प्रकल्प १९४८ मध्ये सुरू झाला, सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या जमल्या, आणि कित्येक खंड निघूनही गाडी ‘अ’ या अक्षरातच आहे. काम अजोड आहे, पण त्याच साच्यात मराठीचा कोश घातला तर आपल्या नातवंडांनाही ‘क’ दिसणार नाही. म्हणून सुरुवात वर्णक्रमाने करू नये. जे पाच हजार शब्द रोज वापरले जातात आणि ज्यांच्याबद्दल वाद होतात, ते आधी घ्यावेत. प्रत्येक नोंदीत पाचच रकाने : आजचे रूप, सर्वांत जुना तारीखवार दाखला, मधल्या पायऱ्या, शेजारच्या भाषांतली रूपे, आणि खात्री किती — नक्की, संभाव्य की अज्ञात. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘साबण’ घ्या. तो सर्रास पोर्तुगीज ‘साबांव’वरून सांगितला जातो. पण पाव आणि लिलाव यांचा नियम लावला तर साबांवचे ‘साबाव’ व्हायला हवे होते. शेवटचा ण अरबी-फारसी ‘साबून’कडे बोट दाखवतो. माझा कल साबूनकडे आहे, पण जुना तारीखवार दाखला हाती येईपर्यंत तिथे ‘संभाव्य’ एवढेच लिहिणे रास्त.

कोश होईल तेव्हा होईल. एक गोष्ट उद्या करता येण्यासारखी आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी फिरणाऱ्या याद्यांत पोर्तुगीज शब्द म्हणून बटाटा, तंबाखू, काडतूस, चावी यांच्या पंगतीला ‘फणस’ आणि ‘लोणचे’ बसवलेले असतात. बटाटा आणि तंबाखू अमेरिकेतून आले, ते झाडच इथे नव्हते, तेव्हा शब्द सोळाव्या शतकाच्या आधीचा असूच शकत नाही. काजू आणि अननस यांचेही तेच. फणस मात्र सह्याद्रीचा. उलट पोर्तुगीजांनीच त्याला मल्याळममधल्या ‘चक्का’वरून ‘जाका’ म्हटले, आणि त्यावरून इंग्रजांनी ‘जॅक’. लोणचे लवणातले, म्हणजे मिठातले. त्याच यादीतली ‘पायरी’ आंब्याची असेल तर बोलणे वेगळे, जिन्याची पायरी पायातूनच आली. या यादीवर प्रश्न निघाला आणि पहिल्या उत्तरतालिकेत फणस पोर्तुगीज ठरला, तर उमेदवाराने हरकत नोंदवावी आणि सोबत अमरकोशातल्या वनौषधिवर्गाची ओळ जोडावी : ‘पनसः कण्टकिफलः’. वास्को द गामा कालिकतला १४९८ मध्ये पोचला, त्याच्या कित्येक शतके आधीची ती ओळ आहे.